विजेच्या गाडीची तोंडी आणि लेखी परीक्षा

मुलांनो, परीक्षा म्हटली की तुमच्या पोटात गोळा येतो, हो ना? पण एकदा तुम्हीच परीक्षक झालात तर? प्रश्न तुम्ही काढायचे, गुण तुम्ही द्यायचे, आणि परीक्षेला बसणार कोण, तर एक छोटी, विजेवर चालणारी मोटारगाडी!

झालं असं. पुण्यात धायरीला माझा दादा राहतो. त्याचं ऑफिस हडपसरला. रोज जाऊन येऊन छत्तीस किलोमीटर, तेही स्कूटरवरून. गेली दोन वर्षं आमच्या आईचे गुडघे फार दुखतात. स्कूटरवर मागे बसणं तिला आता जमत नाही. साताऱ्याला तिची बहीण असते, म्हणजे माझी मावशी. एस.टी.ची उंच पायरी चढवत नाही म्हणून आईचं तिकडं जाणंच बंद झालं. "आता फोनवरच भेटायचं," असं ती हसत म्हणते, पण ते हसणं काही खरं नसतं.

तेव्हा दादाने ठरवलं, गाडी घ्यायची. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार, म्हणून घरात महिनाभर चर्चा. वहिनी म्हणाली, "पेट्रोलची घेऊ, सगळीकडे पंप आहेत." दादा म्हणाला, "विजेची घेऊ, रोजचा खर्च वाचेल." शेजारचे काका म्हणाले, "विजेची गाडी घाटात बंद पडते!" कोणी म्हणालं, "एकदा चार्ज केली की तीनशे किलोमीटर बघायला नको!" माझी भाची सातवीत आहे. ती सगळं ऐकून मला म्हणाली, "आत्या, सगळे नुसतं बोलतायत. कोणी मोजत का नाही?"

शाबास! मला फार आनंद झाला. विज्ञानाच्या तासाला मी वर्षभर घसा कोरडा करून हेच सांगत असते. मग आम्ही दोघींनी एक दोनशे पानी वही घेतली आणि परीक्षा सुरू केली.

उमेदवाराची ओळख

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी दोन महिन्यांपूर्वी टाटांची टियागो ईव्ही घेतली. तिच्यावर हिरवी नंबरप्लेट आणि पांढरी अक्षरं. विजेची खासगी गाडी अशीच ओळखायची, बरं का! भाड्याने चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर अक्षरं पिवळी असतात.

ही गाडी बाजारात आली सप्टेंबर २०२२ मध्ये. तेव्हा ती दोन बॅटऱ्यांत मिळत होती. लहान बॅटरी १९.२ युनिटची, मोठी २४ युनिटची. आता हे युनिट म्हणजे काय? घरी विजेचं बिल येतं ना, त्यावर छापलेलं असतं तेच युनिट. त्याचं शास्त्रीय नाव किलोवॅट-तास. हजार वॅटची इस्त्री एक तास सतत तापवली की एक युनिट वीज खर्च होते. म्हणजे २४ युनिटची बॅटरी ही जणू चोवीस तास इस्त्री तापवता येईल एवढी विजेची टाकीच! बाईंची गाडी ही मोठ्या बॅटरीची.

विजेची गाडी म्हणजे कालपरवाचा शोध, असं तुम्हाला वाटत असेल, तर थांबा. १८९९ साली बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला, तो विजेच्याच गाडीतून! पुढे पेट्रोलची गाडी हॅण्डल न फिरवता सुरू होऊ लागली, पेट्रोलही स्वस्त झालं, आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. आपल्या देशात बंगळूरूच्या 'रेवा' या इवल्याशा गाडीने २००१ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर आणलं. तिच्यात शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या. आताच्या गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये असते तिचीच ही थोरली बहीण. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

लेखी परीक्षा: एका युनिटमध्ये किती किलोमीटर?

गाडी बाजारात आली तेव्हा मोठ्या बॅटरीसाठी कंपनीने सांगितलेला आकडा होता ३१५ किलोमीटर. हा आकडा खोटा नसतो. पण तो ठरावीक चाचणीतला असतो. तिथे पुण्याची वाहतूक नसते, एप्रिलचं ऊन नसतं आणि मागच्या सीटवर दप्तरांचा डोंगरही नसतो! घरी एकट्याने म्हटलेला पाढा आणि वर्गात उभं राहून म्हटलेला पाढा, यात जेवढा फरक, तेवढाच इथेही.

भाचीने युक्ती केली. बाईंना विनंती करून तिने तीन दिवसांची नोंद ठेवली. सकाळी निघताना किलोमीटर किती आणि बॅटरी किती टक्के, रात्री परत आल्यावर किती. दिवसभर ए.सी. चालू.

तीन दिवसांत गाडी धावली ८४ किलोमीटर. बॅटरी उतरली ४४ टक्के.

आता पेन्सिल घ्या. २४ युनिटचे ४४ टक्के म्हणजे किती? १०.५६ युनिट. ८४ ला १०.५६ ने भागा. उत्तर येतं जवळजवळ ८. म्हणजे एका युनिटमध्ये आठ किलोमीटर. पूर्ण बॅटरीत २४ गुणिले ८, म्हणजे १९२ किलोमीटर. कुठे ३१५ आणि कुठे १९२!

भाचीचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे नापास?" मी म्हटलं, "अगं, प्रश्न पुन्हा वाच. बाबांना रोज किती हवेत?" रोज हवेत छत्तीस. पाच दिवसांचे १८०. म्हणजे आठवड्यातून दोनदा चार्जिंग केलं तरी निवांत. शहरासाठी १९२ भरपूर झाले. आकडा छोटा की मोठा, हे आपली गरज समोर ठेवल्याशिवाय ठरत नाही. दहा जणांच्या घरात तीन लिटरचा कुकर लहान पडतो आणि दोघांच्या घरात तोच मोठा होतो, तसंच हे.

प्रात्यक्षिक: ब्रेक मारला की वीज तयार!

शहरात सिग्नलला थांबा, पुन्हा निघा, असं सारखं चालतं. पेट्रोलच्या गाडीचं त्यात नुकसान. उभी असतानाही इंजिन पेट्रोल पीत राहतं. ब्रेक दाबला की वेगातली ऊर्जा ब्रेकमध्ये घासून उष्णता होऊन जाते. विजेची गाडी उभी राहिली की मोटरही शांत उभी राहते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. तुमच्या सायकलला डायनॅमो असेल, तर चाक फिरलं की दिवा लागतो. चुंबक आणि तारेची गुंडाळी एकमेकांजवळ फिरली की वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं. विजेच्या गाडीची मोटर वीज घेऊन चाकं फिरवते. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उलटं होतं. चाकं मोटरला फिरवतात, मोटर डायनॅमो बनते, थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि गाडीचा वेगही कमी होतो. एकाच मोटरची ही दोन कामं!

घाटाची परीक्षा आणि तिसरी पिन

शेजारच्या काकांचा घाटाचा प्रश्न राहिला होता. बाईंचं माहेर साताऱ्याचं. गाडी घेतल्यापासून त्या तिकडे गाडीने गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "रविवारी चला सगळे. आईंनाही घ्या." मग काय! पुढे बाई आणि आई, मागे दादा, भाची आणि मी. पाच माणसं, दोन पिशव्या आणि एक वही.

धायरीहून निघालो तेव्हा बॅटरी १०० टक्के. शिरवळ मागे पडलं, खंडाळा आलं आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला. भाची श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. चढ संपेपर्यंत आकडा सहाने उतरला. गाडी मात्र मुळीच दमली नाही. विजेची मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लावते, गियर बदलत बसावं लागत नाही. घाट उतरताना बाईंनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि आकडा एकाने वाढला. भाची ओरडलीच, "आजी, उतारावर एक टक्का मिळाला!" आई म्हणाली, "चढाला सहा गेले आणि उताराला एक आला. म्हणजे पाच गेलेच की गं." आमच्या आईचा हिशेब असा पक्का!

साताऱ्याला पोहोचलो तेव्हा अंतर झालं १०४ किलोमीटर आणि बॅटरी राहिली ४१ टक्के. आता तुम्हीच सांगा, तेवढ्यात परत येता आलं असतं का? येताना ५९ टक्के लागले होते. सातारा पुण्यापेक्षा उंचावर आहे, म्हणून परतताना थोडे कमी लागतील. पण ४१ काही पुरणार नाहीत. हे गणित आधीच ठाऊक असल्यामुळे बाईंनी माहेरी गाडी चार्ज करायचं ठरवलं होतं.

आणि तिथेच फजिती झाली! जुना वाडा, जुनी वायरिंग. चार्जरचा प्लग लावला, तर त्यावर तांबडा दिवा. काढला, पुन्हा लावला, पुन्हा तांबडा. बाईंच्या भावाने टेस्टर लावून बघितला. वीज तर होती, मग बिघडलं कुठं?

मुलांनो, तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन कशासाठी असते, सांगा पाहू! ती अर्थिंगची. कुठे वीज गळाली, तर तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठीचा तो सुरक्षित रस्ता. त्या वाड्यातल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे तारच नव्हती! पंखा, टी.व्ही. वर्षानुवर्षं तसेच चालले, कोणाला कळलं नाही. गाडीच्या चार्जरने मात्र एका क्षणात ओळखलं आणि काम करायला साफ नकार दिला. राग आला खरा, पण नंतर वाटलं, किती शहाणा चार्जर!

शेवटी शेजारी नव्याने बांधलेल्या घरात पंधरा अँपिअरचं सॉकेट मिळालं. अर्थिंगही होतं. १५ अँपिअरला २३० व्होल्टने गुणा. ३,४५० वॅट. म्हणून तिथे साधारण ३.३ किलोवॅटचा चार्जर चालतो. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास, आणि आमची ४१ पासून शंभरवर यायला साधारण पाच तास लागले. शेजाऱ्यांनी पैसे घ्यायचं नाकारलं. बाईंनी युनिटचा हिशेब करून पैसे त्यांच्या मुलीच्या हातात ठेवले. पाहुणा म्हणून चहा घ्यावा, वीज फुकट घेऊ नये.

त्या पाच तासांत आई मावशीकडे होती. दोघी बहिणी तीन वर्षांनी भेटत होत्या. आम्ही आणायला गेलो तेव्हा मावशीने विचारलं, "एवढ्यात झाली का तुमची गाडी भरून?"

रस्त्यावर जलद चार्जिंगची केंद्रंही असतात. तिथे या गाडीची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर यायला साधारण तासभर लागतो. पण तिथे दर जास्त असतो आणि आपल्या आधी कोणी असेल तर थांबावंही लागतं. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी एवढं गृहीत धरायलाच हवं.

पैशाचा पेपर (पालकांनीही सोडवावा)

हा पेपर अवघड, म्हणून सोपे आकडे धरू. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते तुम्ही घाला.

समजा, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि शहरात छोटी गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये.

समजा, वीज युनिटला १० रुपये. बॅटरीत २४ युनिट भरताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून मीटरवर २७ धरू. २७० रुपयांत १९२ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण १ रुपया ४० पैसे. प्रत्येक किलोमीटरला बचत ५ रुपये ६० पैसे.

वा! मग विजेचीच घ्यावी? थांबा. विजेची गाडी विकत घेताना महाग पडते. समजा, फरक अडीच लाखांचा आहे. अडीच लाखांना ५.६० ने भागा. जवळजवळ ४५,००० किलोमीटर. म्हणजे तेवढी गाडी धावेपर्यंत जास्तीचे पैसे फिटतच नाहीत.

दादाचं धावणं वर्षाला १०,८०० किलोमीटर. त्याचे पैसे चार-सव्वाचार वर्षांत फिटतील. पण शेजारचे काका फक्त मंडईत आणि देवळात जातात, वर्षाला जेमतेम ३,०००. त्यांना लागतील पंधरा वर्षं! एकच गाडी, एकाच इमारतीत, एकाला परवडते आणि दुसऱ्याला नाही. बॅटरीची हमी मिळत होती ती आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी येईल तोवर. ती हमीही या हिशेबाशेजारी लिहून ठेवावी.

धूर जातो कुठे?

"पण आत्या, हवा तरी स्वच्छ राहील ना?" भाचीने विचारलं. याचंही खरं उत्तर द्यायला हवं. विजेच्या गाडीला धुराडंच नाही, त्यामुळे सिग्नलला मागे उभ्या असलेल्या सायकलवाल्याच्या नाकात तिचा धूर जात नाही. ही मोठीच गोष्ट. पण आपल्या राज्यातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. तिथल्या चिमणीतून धूर निघतोच, आणि तिथेही मुलं राहतात. कोयनेसारखी पाण्यावरची, वाऱ्यावरची आणि उन्हावरची वीज जितकी वाढेल, तितकी हीच गाडी आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल. शिवाय टायरची झीज आणि रस्त्यावरची धूळ कोणत्याही गाडीने उडतेच. चालत जाण्याइतकी स्वच्छ गाडी अजून कोणी बनवलेली नाही!

आणखी एक सूचना, तुमच्यासाठी. ही गाडी हळू चालताना जवळजवळ आवाज करत नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना, रस्ता ओलांडताना कानांवर भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंना डोळ्यांनी बघा.

आजीची तोंडी परीक्षा

सर्वांत महत्त्वाचा पेपर आईचा. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं! भाचीने विचारलं, "आजी, तुला गाडी कशी वाटली?" आई म्हणाली, "पुढच्या सीटवरून माझी मी उतरले. मागून मात्र मला हात लागेल. आणि सामानाची जागा लहान आहे. माझी घडीची खुर्ची ठेवली की पिशव्या मांडीवर." सामानाची जागा २४० लिटरची, हे आम्ही माहितीपत्रकात वाचलं होतं. त्याचा अर्थ आईच्या खुर्चीमुळे कळला.

निकाल

शहरात फिरणं: उत्तम. घाट: उत्तीर्ण. लांबचा प्रवास: आधी आखला तर उत्तीर्ण. सामान: काठावर. पैसे: दादाला उत्तीर्ण, काकांना नापास.

आणि घरी चार्जिंग? इथे गाडी नव्हे, आम्हीच नापास झालो. दादाच्या सोसायटीत पार्किंगला प्लगच नाही. समितीने आधी नको म्हटलं. त्यांना आगीची भीती, आणि बिल कोणाच्या मीटरवर येणार ही शंका. त्यांची शंका चुकीची म्हणता येणार नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येईल असं म्हटलं होतं. पण नुसता नियम दाखवून शेजारी आपला होत नाही. म्हणून दादाने आणि भाचीने मिळून एक पानी अर्ज लिहिला. वायर दादाच्या स्वतःच्या मीटरवरून येईल, परवानाधारक इलेक्ट्रिशियन काम करील, स्वतंत्र एम.सी.बी. आणि पक्कं अर्थिंग असेल, खर्च आमचा. खाली भाचीने साताऱ्याच्या तिसऱ्या पिनेची गोष्टही लिहिली! पुढच्या सभेत हा विषय आहे. तोवर दादाने गाडी नोंदवलेली नाही. प्लग आधी, गाडी नंतर, असं ठरलं आहे.

मुलांनो, तुमच्या घरी गाडीचा, फ्रीजचा किंवा अगदी मिक्सरचा विषय निघाला, तर तुम्हीही एक वही करा. हे प्रश्न लिहा: आपल्याला रोज किती लागतं? जाहिरातीतला आकडा आपल्याकडे किती भरतो? जास्तीचे पैसे किती दिवसांत फिटतात? दुकानात विचारा: स्टेपनी आहे की फक्त पंक्चर दुरुस्तीचा संच? सुरक्षेचे तारे किती? आणि घरातल्या ज्या माणसाला कोणी विचारत नाही, त्याला सर्वांत आधी विचारा.

जाता जाता घरचा अभ्यास. आई-बाबांबरोबर तुमच्या घरची सॉकेट मोजा आणि किती ठिकाणी अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे, ते इलेक्ट्रिशियनकाकांकडून तपासून घ्या. स्वतः मात्र हात लावायचा नाही, बरं का! आमच्या आईने साताऱ्याहून आल्या दिवशीच तिच्या खोलीतलं सॉकेट तपासून घेतलं. तिथेही तार नव्हती.